गोणीचा धागा

(भुकूम, ता. मुळशी, जि. पुणे येथील कार्यकर्ता शिबिरात झालेले भाषण. जिल्हा बैठकांत वाचून दाखवण्यासाठी छापत आहोत.)



तुमच्यापैकी कोणी यवतमाळहून आले, कोणी परभणीहून, कोणी मंगळवेढ्याहून. रात्रभर एसटीत बसून आलात ते कापसाच्या भावाचे ऐकायला. आणि कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे लिहिले आहे, "प्लॅस्टिक आणि प्रकृती". सकाळी चहाच्या वेळी एक भाऊ मला म्हणाले, "साहेब, हा शहरातल्या लोकांचा विषय. आम्हाला पोटाची चिंता, तुम्ही पिशवीची काय सांगता?"

त्यांचा प्रश्न रास्त आहे. म्हणून पोटापासूनच सुरुवात करतो.

आपण बसलो आहोत ते भुकूम गाव भाताच्या मुलखातले. इथे तुमचा कापूस नाही आणि ज्वारीही नाही. पण इथल्या खाटपेवाडीपाशी राम नदी उगम पावते. ती भूगाव, बावधन, पाषाण, बाणेर करत मुळेला मिळते. पुढे मुळा आणि मुठा एक होतात, मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमा उजनी धरणात जाते. वाटेत पुणे शहर आहे. तिथले धुण्याचे पाणी, पिशव्या, बाटल्या, गटारे यांतले जे वाहून निघते ते याच पाण्याबरोबर खाली सरकते. सोलापूर शहर उजनीचे पाणी पिते. मंगळवेढ्याची ज्वारी देशात नावाजलेली, पण तिथल्या शेतकऱ्याच्या उशाला जे पाणी आहे त्याच्या वरच्या अंगाला हे सगळे आहे. भुकूममध्ये नदीत टाकलेली पिशवी भुकूममध्ये राहत नाही. विषय शहराचा आहे, पण बिल खालच्या अंगाला फाटते.

कापसातला धागा आणि ज्वारीतला धागा

कापूस जिनिंगवर नेला की व्यापारी मूठभर कापूस उचलून बोटांनी पिंजतो. त्यात पांढरा, चमकदार, न तुटणारा धागा निघाला की त्याचे तोंड वाकडे होते. तो धागा खताच्या गोणीचा असतो. गोणी उन्हात पडली, तिचे टाके सुटले, त्या गोणीत आपण वेचणीचा कापूस भरला, आणि धागा कापसात गेला. हा पॉलिप्रॉपिलीनचा धागा कापसाचा रंग घेत नाही. कापड रंगवले की त्या जागी पांढरा डाग राहतो. भारतातल्या कापसात भेसळ फार, अशी जगाच्या बाजारात आपली बदनामी झाली त्यात या धाग्याचा मोठा वाटा आहे. केंद्र सरकारने २००० साली कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले, त्याच्या कामांत कापसातला हा कचरा कमी करणे हे एक होते.

आता विचार करा. त्याच गोणीत आपण ज्वारीही भरतो. कापसातला धागा दिसतो म्हणून व्यापारी भाव पाडतो. ज्वारीतला दिसत नाही म्हणून आपण दळून खातो.

प्लॅस्टिक कुजत नाही, तुटते. ऊन, घासणे आणि वारा यांनी ते ठिसूळ होते, त्याचे तुकडे होतात आणि तुकड्यांचे आणखी तुकडे. पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्याला शास्त्रज्ञ सूक्ष्म प्लॅस्टिक म्हणतात. म्हणजे साधारण ज्वारीच्या दाण्याएवढा किंवा त्याहून बारीक. पुढे ते इतके बारीक होते की डोळ्यांना दिसत नाही.

मी कृषी पदवीधर आहे. नोकरीत असताना मी स्वतः शेकडो शेतकऱ्यांना मल्चिंग पेपर पसरायला सांगितले. तण येत नाही, ओल टिकते, हे सगळे खरे होते आणि आजही खरे आहे. पण हंगाम संपल्यावर तो फाटका कागद उचलायचा कसा, धुवायचा कुठे, द्यायचा कोणाला, हे मला कोणी शिकवले नाही आणि मी कोणाला सांगितले नाही. शेतकऱ्याने काय केले? जमेल तेवढा गोळा करून बांधावर पेटवला, उरलेल्यावर नांगर फिरवला. दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेने कर्नाटक आणि महाराष्ट्रातल्या मल्चिंगच्या शेतांची माती तपासली, तेव्हा त्या मातीत सूक्ष्म प्लॅस्टिक सापडले. चीनच्या शिनजियांग प्रांतात सगळा कापूस अशा कागदाखाली घेतात. तिथे मातीत उरलेल्या तुकड्यांनी मुळांची आणि पाण्याची वाट अडू लागली, तेव्हा चीनने २०१८ पासून कागद किमान १० मायक्रॉन जाड हवा असा नियम केला. कागद फार पातळ असला तर फाटतो आणि उचलताच येत नाही.

शरीरात काय सापडले

हे तुकडे शरीरात दोन वाटांनी जातात, तोंडावाटे आणि श्वासावाटे.

तोंडाची वाट बघा. मुंबईच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०१८ साली आपल्याकडच्या समुद्री मिठाचे नमुने तपासले. सर्व नमुन्यांत मिळून ६२६ कण निघाले. किलोमागे सुमारे ६४ मायक्रोग्रॅम. माणूस रोज पाच ग्रॅम मीठ खातो असे धरले तर वर्षाला ११७ मायक्रोग्रॅम प्लॅस्टिक मिठातून पोटात जाते. २०२४ साली टॉक्सिक्स लिंकने दहा प्रकारचे मीठ आणि पाच प्रकारची साखर तपासली. एकही नमुना स्वच्छ निघाला नाही. मिठात किलोमागे सुमारे ७ पासून ८९ पर्यंत तुकडे होते.

इथे थांबून वजन समजून घ्या. ११७ मायक्रोग्रॅम म्हणजे मोहरीच्या एका दाण्याच्याही कितीतरी कमी. तुम्ही कुठेतरी ऐकले असेल की माणूस आठवड्याला पाच ग्रॅम प्लॅस्टिक खातो. तो आकडा २०१९ साली जगभर छापला गेला. नंतरच्या शास्त्रज्ञांनी हिशेब तपासला आणि तो फार फुगवलेला ठरवला. चळवळीच्या माणसाने खोटा आकडा सांगू नये. एक आकडा खोटा निघाला की दहा खरे आकडे मातीत जातात.

मग घाबरायचे कशाला? वजन कमी असले तरी कण फार बारीक आहेत, आणि बारीक कण आतड्याची भिंत ओलांडून पुढे जाऊ शकतात. इटलीत २०२१ साली सहा बाळंतिणींच्या वारा तपासल्या, चारांत प्लॅस्टिकचे तुकडे होते. नेदरलँड्समध्ये २०२२ साली २२ जणांचे रक्त तपासले, १७ जणांच्या रक्तात प्लॅस्टिकचा अंश होता. मार्च २०२४ मध्ये इटलीतल्याच डॉक्टरांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आणखी एक काम छापले. मानेतल्या रक्तवाहिनीत साचलेला चरबीचा थर शस्त्रक्रिया करून काढतात. अशा २५७ रुग्णांवर त्यांनी सुमारे ३४ महिने लक्ष ठेवले. १५० जणांच्या थरात पॉलिथिन सापडले. ज्यांच्या थरात प्लॅस्टिक होते त्यांच्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचे प्रमाण इतरांच्या साडेचार पट होते.

प्लॅस्टिकमुळेच झटका आला असे ते डॉक्टर म्हणत नाहीत. दोन गोष्टी एकत्र दिसल्या, एवढेच ते म्हणतात. मेंदूत प्लॅस्टिक साचल्याचे काम २०२५ साली छापून आले, त्याच्या मोजणीवर इतर शास्त्रज्ञांनी शंका घेतली आहे, कारण त्या तपासणीत शरीरातली चरबी पॉलिथिनसारखी दिसू शकते. तेव्हा सापडले आहे ते पक्के, त्याने नेमके काय होते ते अजून तपासात आहे.

श्वासाच्या वाटेचा पुरावा जुना आहे. १९९८ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये कापडावर नायलॉनची लव बसवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांना फुफ्फुसाचा आजार झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात झाली. आपल्या कापसाची बाजू घेतो म्हणून एक गोष्ट लपवणार नाही. कापसाची धूळही गिरणी कामगाराच्या छातीत जाते. मुंबईच्या गिरण्यांत सूत काढणाऱ्यांनी तो आजार भोगला आहे. फरक एवढाच की कापूस शेवटी कुजून मातीत जातो. नायलॉन आणि पॉलिस्टर तिथेच राहतात.

प्लॅस्टिकमध्ये मिसळलेले

आता दुसरा भाग, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा. नुसते प्लॅस्टिक कोणी विकत नाही. ते मऊ व्हावे, उन्हात टिकावे, रंगीत दिसावे, पेटू नये, म्हणून त्यात रसायने घालतात. प्लॅस्टिकशी संबंधित १६,००० हून जास्त रसायनांची यादी २०२४ साली प्लास्टकेम या अहवालात शास्त्रज्ञांनी केली. त्यातली ४,२०० हून जास्त आरोग्याला किंवा निसर्गाला धोक्याची आहेत. यातली पुष्कळशी प्लॅस्टिकला पक्की चिकटलेली नसतात. खताच्या दाण्यातून नत्र झिरपावे तशी ती झिरपतात. गरम पदार्थात, तेलात, तुपात तर लवकर.

तीन नावे लक्षात ठेवा. पहिले शिसे. पीव्हीसी पाइप टिकावा म्हणून त्यात शिशाचे क्षार घालत. शिशाने लहान मुलाच्या बुद्धीची वाढ खुंटते, हे वादातीत आहे. केंद्र सरकारला २०२१ साली पाइपमधल्या शिशासाठी वेगळे नियम करावे लागले. तुमच्या विहिरीवरचा जुना पाइप त्या नियमांच्या आधीचा आहे.

दुसरे थॅलेट. मऊ नळी, मऊ चादर, चिकट आवरण यांना मऊपणा त्यानेच येतो. ते शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत नर पिल्लांच्या जननेंद्रियांची वाढ बिघडलेली दिसली आहे.

तिसरे बिस्फेनॉल ए. कडक पारदर्शक प्लॅस्टिक आणि डब्यांच्या आतला लेप यांत ते असते. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०१५ साली सांगितले होते, रोज इतके पोटात गेले तरी चालेल. त्याच संस्थेने एप्रिल २०२३ मध्ये ती मर्यादा वीस हजार पटींनी खाली आणली. वीस पट नव्हे, वीस हजार पट. आणि डिसेंबर २०२४ मध्ये युरोपने अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत त्यावर बंदीचा निर्णय घेतला. "मर्यादेत आहे, काळजी नको" असे कोणी म्हणाले तर ही गोष्ट आठवा. मर्यादा कागदावर बदलते, पण पोटात गेलेले परत येत नाही.

बिल कोणाच्या नावावर

हे सगळे शेतकरी चळवळीत का सांगतो? कारण हिशेब आपला आहे.

प्लॅस्टिक स्वस्त वाटते. गोणी स्वस्त, पिशवी स्वस्त, पॉलिस्टरचा शर्ट सुती शर्टापेक्षा स्वस्त. पण त्या किमतीत नदी साफ करण्याचा खर्च नाही, मातीतला कागद वेचण्याची मजुरी नाही आणि दवाखान्याचे बिल नाही. ते बिल गिऱ्हाइकाच्या, खालच्या गावाच्या आणि आपल्या अंगावर टाकून माल स्वस्त केला आहे. उत्पादन खर्च भरून न निघता माल विकायला लावणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. आपला माल स्वस्त होतो कारण आपला खर्च धरत नाहीत. त्यांचा माल स्वस्त होतो कारण त्यांचा खर्च आपल्या नावावर धरतात.

आणि हा स्वस्त माल कोणाशी स्पर्धा करतो? कापसाशी. आज जगातल्या एकूण धाग्यात निम्म्याहून जास्त पॉलिस्टर आहे, कापूस सुमारे पाचवा हिस्सा उरला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपला कापूस बाजारात यायच्या ऐन वेळी. आणि त्याच सप्टेंबरात कृत्रिम धाग्याच्या तंतूवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. मी बाजाराच्या विरोधात नाही. बाजार खुला असावा, पण तागडी खरी असावी. ज्या तंतूचे तुकडे धुण्याच्या पाण्यातून नदीत जातात आणि ज्या तंतूचे खत होते, ते दोन्ही एका तागडीत घालायचे तर खर्चही दोघांचा पुरा धरा.

कायदे झाले. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिक बंदीची अधिसूचना काढली. दंड कोणाला बसला? बाजारात भाजी विकायला बसलेल्या बाईला. कारखान्यातून भरून येणाऱ्या पाकिटाला सूट राहिली. ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हाला जगातल्या देशांची प्लॅस्टिक कराराची बोलणी झाली, ती करार न होताच मोडली. उत्पादनच कमी करायचे की नुसता कचरा सांभाळायचा, यावर घोडे अडले.

आपण हे आधीही पाहिले आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने विसाहून जास्त शेतकरी आणि मजूर गेले. तेव्हा पहिले वाक्य काय आले? मोजे घातले नाहीत, तोंडाला फडके बांधले नाही. दोष मरणाऱ्याचा. प्लॅस्टिकच्या बाबतीतही उद्या हेच ऐकाल. म्हणून आजच बोलले पाहिजे.

घरी काय करायचे

पैसे न लागणारी कामे आधी सांगतो. यातले बरेच मायबहिणींच्या हातात आहे, पण पुरुषांनी ते त्यांच्यावर ढकलू नये.

चूल पेटवायला प्लॅस्टिकचा तुकडा वापरू नका. ओल्या लाकडांनी जीव नकोसा होतो, हे मला कळते. पण प्लॅस्टिक धुमसताना त्यातली रसायने थेट छातीत जातात. त्यात पीव्हीसीचा तुकडा असला तर डायॉक्सिन तयार होते. त्यातल्या सर्वांत विषारी प्रकाराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९७ सालीच माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातले आहे. बांधावरची होळीही बंद.

गरम भाजी, चहा, वरण प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊ नका. शेतावर स्टीलचा डबा आणि तांब्या न्या. पाण्याची बाटली उन्हात ठेवू नका. कीटकनाशकाचा डबा कितीही धुतला तरी पाण्याला, दुधाला, तेलाला वापरू नका. वापरून झाला की तो ठेचून निकामी करा.

ज्वारी बारदानात, सुती पोत्यात किंवा पत्र्याच्या कोठीत ठेवा. आपल्या आज्याने पेवात, कणगीत, बळदात ज्वारी ठेवली, तिला प्लॅस्टिक लागले नव्हते. गोणीच वापरायची वेळ आली तर उन्हाने विरलेली, पिसे सुटलेली गोणी धान्याला आणि कापसाला वापरू नका. वेचणी सुती ओटीत करा. याने दोन कामे होतात, कापसाचा भाव वाचतो आणि ताटातला धागा कमी होतो.

मीठ बंद करायचे नाही. मुंबईच्या त्याच आयआयटीच्या कामात दिसले की साध्या वाळूच्या गाळणीने मिठाच्या पाण्यातले वजनाने ८५ टक्क्यांहून जास्त प्लॅस्टिक निघते. वाळूची गाळणी! हे काम मीठ तयार करणाऱ्याचे आहे, तुमच्या घरच्या सुनेचे नाही.

काय मागायचे

घरच्या काळजीने एक घर थोडे सुरक्षित होते, नदी होत नाही. म्हणून जिल्हा बैठकीत पुढील मागण्यांवर ठराव करा.

एक, खत, बियाणे आणि कीटकनाशक यांची रिकामी गोणी, पिशवी आणि डबा त्याच दुकानात परत घेतला पाहिजे आणि परत देणाऱ्याला पैसे मिळाले पाहिजेत. प्लॅस्टिक कचरा नियमांत उत्पादकाची जबाबदारी लिहिली आहे. ती आपल्या तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रापर्यंत येऊ दे.

दोन, मल्चिंग पेपरच्या अनुदानात तो उचलण्याची मजुरी धरा. उचलता येणार नाही इतका पातळ कागद विकायला बंदी करा.

तीन, प्लॅस्टिकच्या वस्तूत कोणती रसायने घातली ते छापील सांगा. बियाण्याच्या पिशवीवर उगवण टक्केवारी छापावी लागते, मग पाण्याच्या जारवर का नको?

चार, केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२४ साली अन्नातल्या सूक्ष्म प्लॅस्टिकच्या तपासणीचा प्रकल्प हाती घेतला. त्यात ज्वारी, बाजरी, डाळ आणि गावच्या नळाचे पाणीही तपासा. आणि निकाल मराठीत जाहीर करा.

पाच, सरकारी धान्य तागाच्या पोत्यात भरण्याचा कायदा १९८७ सालचा आहे. त्याच धर्तीवर कापूस वेचणीसाठी सुती पिशव्या जिनिंगवाल्यांनी आणि खरेदी केंद्रांनी पुरवाव्यात. आपला कापूस विकत घेणाऱ्याने निदान आपल्याच कापसाची पिशवी द्यावी.

सकाळच्या त्या भावांना माझे एवढेच सांगणे. पोटाची चिंता आणि पिशवीची चिंता या दोन नाहीत. गावी गेलात की एक करा. घरातली जुनी खताची गोणी उन्हात धरून झटका. जे उडताना दिसेल ते सगळ्या घराला दाखवा. मग बैठकीला या.

जय किसान!